आत्याला सुतक नव्हतं

आमच्या वाडीत नळ आला तो भूकंपामुळे, असं मी सांगते तेव्हा शाळेतल्या बाकीच्या बाई माझ्याकडे चमकून बघतात. भूकंप झाला लातूरकडे आणि आमची वाडी किनवटच्या डोंगरात. मधे अख्खा नांदेड जिल्हा आडवा. त्या पहाटे आमच्याकडे फळीवरची भांडीसुद्धा वाजली नव्हती. पण तिकडं गावंच्या गावं पडली, मग मदत आली, मदतीच्या पाठोपाठ संस्था आल्या, आणि नव्या वसाहतींना टाक्या-नळ बांधून झाल्यावर एका संस्थेकडे माणसं उरली, जीपगाड्या उरल्या आणि थोडा निधीही उरला. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की किनवटकडे आंध आणि कोलाम आदिवासींच्या वाड्यांवर बाया अजून ओढ्यात झिरे उकरून वाटीवाटीनं घागर भरतात. अशी ती लातूरची माणसं आमच्या डोंगरात आली. दुसऱ्याच्या दुःखातून आपल्या दारात पाणी यावं याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, कारण मी पंधरा वर्षांची होते आणि झिऱ्यावरून वरपर्यंत घागर आणायची पाळी माझी होती. आता वाटतं.

आम्ही आंध. आमचं घर वाडीच्या वरच्या अंगाला, कुडाच्या भिंतींचं, वर कवेलू. एकाच अंगणात दोन चुली होत्या. एक आमची, एक थोरल्या काकांची. मोहाची फुलं वेचायचे दिवस असले की सगळं अंगण फुलांनी भरलेलं आणि त्या गोड, आंबूस वासानं डोकं जड झालेलं. एरवी भाकर, अंबाडीची भाजी, फार झालं तर तुरीच्या घुगऱ्या. माय पहाटे दळायला बसे आणि तिच्या समोर जात्याच्या खुंट्याला दुसरा हात असे तो सुंदराआत्याचा. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती एका पंचमीला माहेरी आली आणि तिला न्यायला सासरचं कुणी आलंच नाही. तिकडं दुसरी बायको आणल्याचं नंतर कळलं. तरी आमच्या घरात वर्षानुवर्षं ‘येतील न्यायला’ असंच बोललं जायचं. आत्या कुणाशी भांडत नसे, पण तिला कुणी ‘बिचारी’ म्हटलं की त्या बाईशी ती महिनाभर बोलत नसे.

तिची एक गोष्ट मला लहानपणी कळायची नाही. कुळाच्या देवाची पूजा असली की आत्या सगळा स्वयंपाक करायची, सारवायची, आणि पूजेच्या वेळी उंबऱ्याबाहेर जाऊन बसायची. मी एकदा मायला विचारलं, तर माय म्हणाली, ‘‘ती दिल्या घरची हाय. तिचं कूळ येगळं.’’ राबायला आमची आणि देवाला दुसऱ्यांची, असा तो हिशोब होता. आत्याला तो मान्य असावा. निदान मी तिच्या तोंडून कधी उलट ऐकलं नाही.

संस्थेनं ओढ्याकाठी बोअर पाडली, आत मोटर सोडली, टेकाडावर टाकी बांधली आणि वाडीत नळ काढले. मग त्यांनी विचारलं, मोटर चालवून पाणी सोडणार कोण? निधी देणाऱ्यांनी गावामागे एकाच माणसाच्या प्रशिक्षणाचा खर्च मंजूर केला होता. वाडीनं बाबांना पुढे केलं, कारण ते हदगावकडे एका बागायतदाराकडे सालगडी असताना त्यांनी मोटरीचं बटण दाबलेलं होतं. बाकी कुणी तेवढंही केलेलं नव्हतं. बाबा लातूरला गेले आणि पंधरवड्यानं परत आले ते पान्ह्यांचा संच, एक टेस्टर आणि मुनीरचाचांचं नाव घेऊन. मुनीरचाचा लातुरातले मोटर वायंडिंगचे जुने कारागीर. संस्थेनं त्यांना शिकवायला ठेवलं होतं. पुढे बाबांचं प्रत्येक वाक्य ‘चाचा म्हणले’ असं सुरू व्हायचं. माय वैतागून म्हणायची, तुमचा चाचा भाकरीत मीठ किती घालायचं ते सांगतो का.

बाबांना अक्षर लावून लावून वाचता यायचं, लिहिणं अवघड जायचं. म्हणून शिकून आलेलं विसरू नये यासाठी ते संध्याकाळी चुलीसमोर बसून सगळा धडा मोठ्यानं म्हणायचे. आधी मोटरीच्या पेटीवरचे दिवे बघायचे, तीन फेजचे तीन दिवे. मग हिरवं बटण. मग टाकीकडे कान. टीसीएलची, म्हणजे पाण्यातले जंतू मारायची, पावडर बादलीत कालवायची, खाली बसू द्यायची, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. भाऊ हसायचे, मी अभ्यासाचं पुस्तक कानावर धरायची, आणि आत्या भाकरी थापता थापता ऐकायची. पहिल्या दिवशी पावडरचं पाणी प्यायल्यावर वाडीतल्या दुसऱ्या भावकीचे म्हातारे गणपतबाबा बाबांना म्हणाले होते, ‘‘कोंडिबा, हे तर दवाखान्याचं पाणी झालं.’’ पण ज्यांच्या डोक्यावरची घागर उतरली त्या बायांनी वासाची तक्रार केली नाही.

वर्ष-दीड वर्ष सगळं बरं चाललं. संस्थेची जीप मात्र टाकीचा फोटो काढून गेली ती परत फिरकली नाही. त्यांचं बांधायचं काम झालं होतं.

मग उन्हाळ्यात थोरले काका गेले. आजारी होतेच, पण इतक्या लवकर जातील असं वाटलं नव्हतं. बाबांनी भावाला अग्नी दिला, येऊन अंगणात बसले आणि आमच्या सगळ्या भावकीला दहा दिवसांचं सुतक लागलं. आमच्या वाडीत सुतकातल्या माणसानं सगळ्यांच्या पाण्याला हात लावायचा नाही. झिऱ्यावर ते सोपं होतं; दुसऱ्या भावकीची बाई वरून पाणी ओतायची आणि सुतकातल्या बाईनं खाली घागर धरायची. कुणाचं अडत नसे. नळाचं तसं नव्हतं. वाडीत दोनच भावक्या, एक सुतकात, आणि दुसरीतल्या एकालाही ती पेटी उघडायची हिंमत नव्हती. गणपतबाबांचा मुलगा पेटीच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आला. पाणी सोडायला शिकलेला हात एकच होता आणि तो बाबांचा. टाकी रिकामी झाली आणि सगळ्या वाडीनं मुकाट्यानं पुन्हा ओढ्याची वाट धरली.

उन्हाळ्याचा झिरा म्हणजे गढूळ, कोमट पाणी, आणि तेही ढोरांच्या खुरांनी ढवळलेलं. तिसऱ्या दिवशी काकांच्या नातवाला, बाळूला, ओकाऱ्या आणि हगवण लागली. पोर संध्याकाळपर्यंत चिपाड झालं. त्याला जीप मिळवून किनवटच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, तो वाचला. पण ज्या अंगणात नुकतंच एक मरण झालं होतं तिथे त्या दुपारी सगळ्यांच्या मनात एकच भीती होती आणि ती बोलून कुणीच दाखवत नव्हतं.

दिल्या घरच्या लेकीला माहेरचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी सकाळी आत्यानं डोक्यावरून पाणी घेतलं, ओले केस तसेच बांधले आणि खुंटीवरची पेटीची किल्ली काढली. बाबा भिंतीला टेकून बसले होते. आत्या म्हणाली, ‘‘दादा, मी सोडते पानी.’’

बाबा तिच्या हातातल्या किल्लीकडे बघत राहिले. हो म्हणावं तर बाईमाणूस विजेला हात लावणार, नाही म्हणावं तर पोरं झिऱ्याचं पाणी पिणार. शेवटी म्हणाले, ‘‘आधी दिवे बघजो.’’

मी तिच्या मागे गेले होते, पण दाराच्या आत पाय टाकायची मला मनाई होती. आत्यानं पेटी उघडली, दिवे बघितले, देवाला करतात तसा पेटीला हात जोडून नमस्कार केला आणि हिरवं बटण दाबलं. टाकीत पाणी पडल्याचा आवाज खालपर्यंत आला. वाडीतल्या बाया घरांतून बाहेर येऊन नळांपाशी उभ्या राहिल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की कुणी आत्याचं कौतुक केलं नाही. घागरी लावल्या, एवढंच. मला मात्र इतका आनंद झाला होता की मी धावत वर गेले आणि सुतक विसरून काकूला मिठी मारली.

तीन-चार दिवस आत्यानं वाडीला पाणी पाजलं. मग एका सकाळी बटण दाबलं तर पेटीची घरघर झाली, ती वाट बघत उभी राहिली, पाणी आलं नाही. मोटर बोअरच्या आत खोल. जळाल्याचा वाससुद्धा बाहेर येत नाही. बाबांचं सुतक फिटल्यावर त्यांनी जाऊन बघितलं, पाइपाला हात लावला आणि खाली बसले. मोटर जळाली होती. वाडीत ज्यांनी चार दिवस तिच्या हातचं पाणी भरलं होतं त्यांतलेच काही जण आता म्हणायला लागले की बाईच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार. आत्या जेवेना. माय तिच्यापुढे ताट ठेवायची आणि ती ते माझ्या भावाकडे सरकवायची.

किनवटहून संस्थेला फोन केला. दोन-तीन दिवसांनी जीप आली. तीत संस्थेचे बिराजदार सर होते, चाळिशीचे, पांढऱ्या सदऱ्याचे, कपाळावर भस्माची बारीक रेघ असलेले इंजिनिअर; आणि दाढी मेंदीनं रंगवलेले, हातात अवजारांची पिशवी घेतलेले मुनीरचाचा. वाडीतल्या गड्यांनी साखळी लावून मोटर वर ओढली. चाचांनी ती उघडली. आतली तार काळी पडली होती.

सगळे टाकीच्या सावलीत बसले. बिराजदार सर माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्यांचा पारा चढलेला होता. ते म्हणाले, ‘‘कोंडिबा, शिकवलं तुम्हाला आणि चालवली दुसऱ्यानंच? अशानं कसं चालायचं? आमचं ठरलंय आता. डोंगरातल्या वाड्यांवर प्रशिक्षणाचा खर्च करायचा नाही. तालुक्याच्या ठेकेदाराचा माणूस आठवड्यातून एकदा येईल, टाकी भरून जाईल.’’

‘‘आठवड्यातून एकदा?’’ गणपतबाबांनी विचारलं. ‘‘आन् त्यो न्हाई आला तर?’’

तेवढ्यात खोलीतून मुनीरचाचा बाहेर आले. त्यांच्या तळहातावर एक छोटा काचेचा दिवा होता, पेटीवरच्या तीन दिव्यांपैकी एक. ते सरांकडे न बघता आत्याकडे आले. ‘‘बेटी, त्या दिवशी दिवे किती लागले होते?’’

‘‘दोन,’’ आत्या खाली बघून म्हणाली. ‘‘रोज दोनच लागतेत.’’

चाचा बाबांकडे वळले. ‘‘कोंडिबा, हा दिवा केव्हापासून गेलाय?’’

‘‘दिवाळीच्या आधीपासनं.’’

घडलं होतं ते असं. तिसरा दिवा कधीचाच गेला होता. बाबा पेटीच्या घरघरीवरून ओळखायचे की वीज पुरी आहे का नाही. त्यांना त्या दिव्याची गरज उरली नव्हती आणि चुलीसमोर धडा म्हणताना ही गोष्ट सांगावी असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आत्यानं धड्यात तीन दिवे ऐकले होते, पण पहिल्याच दिवशी दोन दिव्यांवर पाणी आलं, म्हणून तिच्या दृष्टीनं दोन दिवे म्हणजे सगळं ठीक. त्या सकाळी नेमकी त्या गेलेल्या दिव्याचीच फेज आली नव्हती.

‘‘मग कळवलं का नाही?’’ सरांचा आवाज आता खाली आला होता.

‘‘कोनाला कळवू, साहेब?’’ बाबा म्हणाले. ‘‘असा दिवा किनवटला भेटत न्हाई, मी इचारलं. तुमी म्हणले होते दर दोन महिन्याला येऊ. आमी वाट बघून राहिलो होतो.’’

बाबा हे रागानं बोलले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की जीप उद्या-परवा येईल. बिराजदार सरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सरळ सांगितलं की निधी देणाऱ्यांनी टाकीला पैसे दिले, पाइपाला दिले, एका माणसाच्या शिकवणीला दिले. परत येऊन बघायला म्हणून काही दिलंच नव्हतं, आणि त्यांनीही ते मागितलं नव्हतं. ‘‘आमच्याकडच्या वसाहती सडकेला लागून आहेत,’’ ते म्हणाले, ‘‘तिकडं काही बिघडलं की लोक हापिसात येऊन बसतात. तुम्ही येत नाही, तेव्हा मला वाटलं सगळं ठीक चाललंय.’’

‘‘पण दहा दिवस पंप बंद ठेवायचा म्हणजे…’’ सर पुढे बोलणार होते, पण चाचांनी त्यांना हातानं थांबवलं. ते वाडीकडे बघून म्हणाले, ‘‘भूकंपात माझा भाऊ गेला, त्याचं घर गेलं. त्या गावात कुणी कुणाचं दुःख धरायचं, धरनारंच राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिथं मोटर जोडीत होतो. रडायला टाइम नाही भेटला. तुमच्याकडं टाइम हाय, तर धरा. लेकिन मग हात दोन पाहिजेत. एक बैठा तो दूसरा चलेगा.’’ आणि सरांना म्हणाले, ‘‘साहब, आनखी एका मानसाचं बघा काही तरी.’’

शेवटी बिराजदार सर म्हणाले की लातूरला प्रशिक्षणाच्या शेडमध्ये पुढच्या महिन्यात एक तुकडी बसणार आहे, तीत ते एक जागा काढतील. सुतकाचा प्रश्न असेल तर माणूस कोंडिबाच्या भावकीतला नको. गणपतबाबांच्या भावकीतले सगळे गडी दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे. ते अर्धं वर्ष वाडीत नसत. मग गणपतबाबाच म्हणाले, ‘‘सुंदरा हाय की. तिनं चार दिस पाजलंच हाय पानी.’’

सरांनी वही काढली. नाव विचारलं, वय विचारलं, आणि विचारलं की मतदार यादीत नाव याच गावाला आहे ना. माणूस गावातलाच पाहिजे असा नियम होता. नाव या गावाला नव्हतं. ते सासरच्या गावाला होतं. इतक्या वर्षांत बाबांनी ते इकडं आणलं नव्हतं, कारण आणणं म्हणजे आता तिला न्यायला कुणी येणार नाही हे चारचौघांत कबूल करणं.

‘‘मग नाव इकडं घ्यावं लागेल,’’ सर म्हणाले.

बाबा जमिनीवर काडीनं रेघा ओढायला लागले. आणि गणपतबाबांनी, काही वाईट मनात नसताना, सगळ्यांच्या मनातलं विचारलं. ‘‘नाव हितं आणलं म्हंजी ती तुमची झाली, कोंडिबा. मंग उद्या तुमच्या भावकीत कुनी गेलं तर सुतक तिलाबी. मंग पानी कोन सोडनार?’’

मी आजवर बऱ्याच बैठकांना बसले आहे, शाळेच्या, पंचायतीच्या. पण त्या दुपारसारखी अडलेली बैठक मी पाहिली नाही. आत्या आमची नव्हती म्हणून कामाची होती आणि आमची असल्याशिवाय तिला शिकायला पाठवता येत नव्हतं. बाबा एकदा तिच्याकडे बघत, एकदा टाकीकडे. तेव्हा आत्या उठली. पुरुषांच्या बैठकीत ती पहिल्यांदाच उभी राहून बोलत होती, आणि तिचा आवाज अगदी रोजचा होता.

‘‘नाव हितं लिवा,’’ ती सरांना म्हणाली. ‘‘कूळ तिकडलंच ऱ्हाऊ द्या. तिकडं कोन मेलं, कोन जगलं, हे मला सांगाया आजवर कुनी आलं न्हाई. मला तिकडलं सुतक न्हाई, हितलं तीनच दिस. माझ्यावानी मोकळा हात तुमाला दुसरा घावायचा न्हाई.’’

ती खाली बसली. माझी माय पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाबांनी मान खाली घातली आणि तशीच ठेवून सरांना म्हणाले, ‘‘लिवा साहेब. माझ्या घरात लिवा.’’

आत्या एकटी लातूरला जायला तयार नव्हती, म्हणून मला सोबत पाठवलं. माझी दहावी झाली होती, सुट्टी होती. अर्धापूरच्या केळीच्या बागा मी त्या एसटीतून पहिल्यांदा पाहिल्या, आणि आज त्याच अर्धापूरच्या शाळेत मी शिकवते. लातुरात आम्ही मुनीरचाचांच्या घरी राहिलो, कारण शेडमध्ये बाईच्या राहण्याची सोय केलेलीच नव्हती. चाचांचं घर जुन्या गल्लीत, पुढे दुकान, मागे अंगण, वर खोली. नसीमचाची भूकंपापासून पक्क्या छताखाली झोपत नसत. त्यांची बाज बारा महिने अंगणात. वरची खोली मात्र त्यांनी क्लासच्या पोरांना दिली होती. साऱ्या गल्लीत तेच. भिंतींना अजून तडे होते आणि त्याच भिंतींच्या मधे पत्रे ठोकून खोल्यांच्या खोल्या पाडल्या होत्या. त्यांत परभणीची, बीडची, नांदेडची पोरं राहायची. पहाटे सायकलींच्या घंट्या, दुपारी डब्यांची खडखड, आणि चौकाचौकात गुणवंतांचे फोटो लावलेल्या पाट्या. मी चाचीला विचारलं, पोरांना छताची भीती नाही वाटत? चाची हसल्या. ‘‘उनको डॉक्टर बननाय. छत की तरफ देखने को टाइम किसको हाय.’’

आत्या पहिल्या दिवशी चाचीच्या चुलीकडे जरा बिचकून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनंच ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. चाची खिचडी-खट्टा करायच्या, आत्या भाकरी करायची, आणि दोघी एकमेकींच्या बोलीला हसायच्या. आत्याला खरा धक्का बसला तो वेगळाच. लातुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. पाणी आलं की चाची घरातली भांडी, बादल्या, अगदी पोरांचे डबेसुद्धा भरून ठेवायच्या. आत्यानं विचारलं, ‘‘हितं पानी कोन सोडतंय?’’ चाची म्हणाल्या, ‘‘क्या मालूम. कभी देखा नहीं.’’ आत्याला ते फार लागलं. एवढ्या मोठ्या शहराला पाणी पाजणारा माणूस आणि त्याचं कुणाला नावही माहीत नाही, हे ती पुढे कितीतरी वर्षं वाडीत सांगायची.

शेडमध्ये ती एकटीच बाई. मुनीरचाचा मुख्यतः ऐकायला शिकवायचे. मोटर चालू करून तिच्या अंगाला पेचकसाचं टोक लावायचं आणि मूठ कानाला. आत काय चाललंय ते कानात येतं. एके दिवशी त्यांनी मुद्दाम एक फेज काढून मोटर सुरू केली आणि आत्याला म्हणाले, ऐक. मी दारात बसले होते. आत्यानं मूठ कानाला लावली आणि तिचा चेहरा बदलला. ‘‘ह्योच,’’ ती म्हणाली. ‘‘ह्योच आवाज आला होता मला त्या दिशी.’’ तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चाचांनी मोटर बंद केली. ‘‘आता वळखला ना? बस. मी सुरुवातीला तीन मोटरी जाळल्यात, बेटी. माझ्या उस्तादनं मला तिसरीनंतर जेवायला दिलं होतं.’’

मी त्याच वर्षी अकरावीला लातूरलाच आले, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहिले, क्लासच्या गर्दीत दोन वर्षं काढली आणि डॉक्टर झाले नाही. त्याचं मला वाईट वाटतं असं लोकांना वाटतं. मला फारसं वाटत नाही. बिराजदार सरांनी निधी देणाऱ्यांना सांगून सवरून वाड्यांवर फेऱ्या मारायला काही काळ पैसे मिळवले. मग ती संस्थाच दुसरीकडे गेली. मुनीरचाचा मात्र कधी दिवे, कधी पेटीतला रिले पुडीत बांधून एसटीच्या कंडक्टरच्या हाती किनवटला पाठवत राहिले, ते हात चालेनासे होईपर्यंत. बाबा आणि आत्या दोघांनी मिळून वाडीचं पाणी सांभाळलं. बाबा गेले तेव्हा आम्ही सगळे सुतकात बसलो, आणि चौथ्या दिवशी आत्यानं न्हाऊन पाणी सोडलं. त्याच सुमारास तिनं गणपतबाबांचा नातू विठ्ठल, जो ऊसतोडीला जायचा बंद झाला होता, त्याला हाताशी घेऊन सगळं शिकवलं. कुठल्या निधीची वाट तिनं बघितली नाही.

आत्या गेली ती थंडीत, फार खितपत न पडता. सासरी निरोप पाठवला. कुणी आलं नाही. माझ्या भावानं अग्नी दिला. दिल्या घरच्या लेकीचं सुतक आमच्या भावकीला नावापुरतंच, आणि विठ्ठलच्या भावकीला तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन नळावर गेले तर नळ कोरडा. मला वाटलं मोटर बिघडली. विठ्ठलच्या घरी गेले, तर तो ओट्यावर घोंगडी पांघरून बसला होता. किल्ली आत खुंटीला होती. समोरून त्याची बायको आणि त्यांच्या भावकीतल्या दोघी-तिघी रिकाम्या घागरी घेऊन खाली ओढ्याकडे चालल्या होत्या.

‘‘विठ्ठल, मोटर गेली का रे?’’

‘‘न्हाई ताई.’’

‘‘मग पाणी काहून नाही सोडलं?’’

तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘मला सुतक हाय.’’